‘मो’ बेटर ब्लूज’ : एका बँडवाल्याने पाहिलेला

बावीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवला. लग्नसराईत एका दिवसात तीन वराती झाल्या की रात्री आमटी ओठाला झोंबायची. म्हणून पुतण्याने स्पाइक लीचा हा १९९०चा सिनेमा लावून दिला, तेव्हा मी आधी हिरोच्या तोंडाकडेच बघत बसलो.

डेन्झेल वॉशिंग्टन न्यूयॉर्कमधला जॅझ ट्रम्पेटवाला झालाय, ब्लीक नावाचा. सूर खरे ट्रम्पेटवादक टेरेन्स ब्लँचर्डचे, पण बोटं आणि दम यांचा मेळ असा बसवलाय की आमच्या मास्तरांनीही मान डोलावली असती. एका प्रसंगात त्याची प्रेयसी क्लार्क लाडात येऊन त्याचा ओठ चावते. हा गडी प्रेमबीम विसरून भडकतो, ओठावरच तर त्याचं पोट! बायको शेजारून म्हणाली, “तुम्ही नाही का, सीझनमध्ये चहासुद्धा बशीत गार करून प्यायचात.”

दुसरी प्रेयसी इंडिगो. दोघींना त्याने सारखेच लाल ड्रेस आणलेत आणि दोघी एकाच रात्री ते घालून क्लबात हजर! इथे मनसोक्त हसलो. पण या बायकांना ब्लीकची वाट बघण्यापलीकडे फारसं काम दिलेलं नाही. क्लार्कला गायचंय, तर हा तिला टोलवत राहतो. शेवटी तिला गायला मिळतं ते सॅक्सोफोनवाल्या शॅडोमुळे.

पैशाचं मात्र अगदी आमच्यासारखं. क्लब रोज भरलेला, बिदागी ठरलेली तेवढीच. बँडची कामं ठरवणारा मॅनेजर जायंट हा बालमित्र, त्यात जुगारी. त्याची उधारी वसूल करायला आलेले गुंड त्याला क्लबामागच्या गल्लीत बडवतात, ब्लीक सोडवायला धावतो आणि त्याचाच ट्रम्पेट त्याच्या तोंडावर बसतो. माझा हात आपोआप तोंडावर गेला. पुढे बऱ्याच काळाने तो पुन्हा स्टेजवर चढतो, फुंकतो आणि सूर फाटतो. भरल्या क्लबातून उठून बाहेर येतो, ट्रम्पेट जायंटच्या हातात देतो. दोन तासांवरच्या सिनेमातली ही काही मिनिटं मी तीनदा पाहिली.

त्यानंतर दिग्दर्शकाला घाई झाली. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या ‘अ लव्ह सुप्रीम’वर लग्न, बाळंतपण, पोराचं मोठं होणं, सगळं मुहूर्त टळत चाललेल्या वरातीसारखं पळवलंय. इंडिगोने त्याला इतक्या सहज घरात घ्यायला नको होतं. क्लबमालक ज्यू भावांची पैसेखाऊ नक्कलही खटकली. त्यावरून तेव्हा टीका झालीच होती.

मोबाइलच्या स्पीकरवर मात्र बघू नका. शॅडो वाजवताना लांबण लावतो म्हणून ब्लीक कुरकुरतो, पण तो सॅक्सोफोन खरा जॅझवादक ब्रॅनफर्ड मार्सालिसचा आहे. हेडफोन लावा आणि लांबू द्या त्याला.