घट्ट अंबाडा की सैल वेणी? दिवसभर केस बांधून काम करणाऱ्यांसाठी

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेल कारखान्यात मी शिलाईला आहे. मशीनजवळ मोकळे केस चालत नाहीत, बांधावेच लागतात. सहा वर्षं मी डोक्यावर उंच, घट्ट अंबाडा घातला आणि गेली दोन वर्षं मानेवर सैल वेणी घालते. नव्याने लागलेल्या मुली विचारतात, म्हणून लिहिते आहे.

अंबाड्याच्या बाजूने बरंच बोलता येईल. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपार गेला की मान उघडी राहते याचं केवढं सुख! सकाळच्या पाळीला दोन मिनिटांत होतो, बट सुटत नाही. वेणीखाली घाम साचतो, वाकलं की ती पुढे येते, म्हणून स्कार्फच्या आत खोचावी लागते. डब्याच्या सुट्टीत पुन्हा घालायची, हा व्याप आहेच.

पण संध्याकाळी अंबाडा सोडला की कानशिलांवरची मुळं ठणकायची. केस मोकळे झाले तरी दुखणं थांबायचं नाही, उशीवर डोकं टेकवलं की कळ यायची. दुपारी अंबाडा सैल झाला की मी वरून आणखी एक रबर आवळायची, त्याचा हा हिशोब होता. मग केसांच्या कडेला बारीक पुळ्या आल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, कपाळ किती मोठं दिसायला लागलंय तुझं!" त्या रात्री आरशासमोर मी रडले.

घरी सगळ्यांनी चाई ठरवली. चाईत बहुधा गोल, गुळगुळीत चकती पडते आणि तिचा केस ओढण्याशी संबंध नसतो. माझे केस कानशिलांपासून कपाळाच्या कडेने विरळ झाले होते आणि अगदी पुढे आखूड केसांची बारीक झालर तेवढी राहिली होती. ते केस अंबाड्यात येतच नव्हते, म्हणून वाचले. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ती झालर पाहूनच ओळखलं. याला ट्रॅक्शन अलोपेशिया म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीनलंडमधल्या, केस ताणून बांधणाऱ्या बायकांमध्ये त्याची नोंद झाली होती. सततच्या ओढीने मुळाभोवती सूज येते, केस बारीक होत जातो. वेळीच ओढ थांबवली तर केस परत येतात. वर्षानुवर्षं चाललं तर मुळाच्या जागी व्रण धरतो, मग तेल लावा की कांद्याचा रस, तिथे केस उगवत नाही.

माझे बरेचसे आले. डावं कानशील अजून विरळच आहे.

तुमचे केस जाड असतील, मुळं कधी दुखत नसतील, तर अंबाडा कदाचित सोसेलही, मी नाही म्हणत नाही. उलट वेणीसुद्धा करकचून घातली तर तेच होतं. ओढून बांधले की केस वाढतात, असं आई सांगायची, पण केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटरच वाढतो, बांधा कसेही. माझी खूण सोपी आहे: बांधल्यावर भुवया ताणल्यासारख्या वाटल्या की सोडून पुन्हा घालायची. केस ओले असताना तर ओढायचेच नाहीत. स्ट्रेटनिंग केलेल्यांनी जास्त जपावं.

लग्नकार्यात अंबाडा मी अजूनही घालते, पण कानशिलांकडचे केस ढिले ठेवून, आणि गजरा हलका. घरी आल्यावर साडी बदलायच्या आधी पिना काढते.