फोमी घ्यावं की बाल्सा? इंदुरात थ्रीडी उडवू पाहणाऱ्यासाठी

रिमोटवर उडणारं शिकाऊ मॉडेल विमान (ट्रेनर) हातात बसलं, लूप (हवेत उभं वर्तुळ) आणि रोल (स्वतःभोवती गिरकी) जमू लागले, आता विमान प्रॉपवर, म्हणजे नाकावरच्या पंख्यावर टांगून हवेत उभं करायचंय; अशा कसरतींनाच थ्रीडी म्हणतात. इथवर आलेल्या माणसापुढे बहुधा दोनच पर्याय असतात. एक म्हणजे फोमी, मीटरभर पंखांचं ईपीपी या लवचिक फोमचं विमान: ३ सेलची १३०० एमएएच लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी), ९ ग्रॅमचे चार सर्व्हो (पंख-शेपटीवरची पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी), सगळं धरून सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास. दुसरं ४८ इंची पंखांचं, बाल्सा या हलक्या लाकडाचं एक्स्ट्रा किंवा एज (खऱ्या कसरती विमानांच्या प्रतिकृती): ४ सेलची २२०० लायपो, मेटल गिअरचे डिजिटल सर्व्हो, वजन साधारण सव्वा किलो. खर्च सहज दुपटी-तिपटीवर जातो. माझं मत आधीच सांगून टाकतो: दोन पुरुष उंचीवर हॉव्हर (प्रॉपवर टांगून एका जागी उभं राहणं) टिकत नाही तोवर फोमीच. आणि सेटअपचा कंटाळा असेल, तर बाल्साच्या वाटेला जाऊच नका.

खरा फरक लिंकेजमध्ये आहे, म्हणजे सर्व्होचा आर्म, त्यापुढची सळी (पुशरॉड) आणि पात्यावरचा खुंट (हॉर्न) यांच्या जोडणीत. थ्रीडीला एलिव्हेटर (शेपटीचं आडवं पातं) ४५ ते ५० अंश वळायला हवा, एलेरॉन (पंखांवरची पाती) ३० ते ३५, आणि रडर (शेपटीचं उभं पातं) बिजागरी देईल तितका. एवढा थ्रो (पात्याचं वळणं) मिळवायला सर्व्होचा आर्म लांब घ्यावा लागतो किंवा हॉर्नचं आतलं भोक धरावं लागतं. दोन्हींत सर्व्होचा जोर कमी पडतो, म्हणूनच बाल्सात दणकट सर्व्हो लागतात. उलट आर्म गरजेपेक्षा लांब लावून रेडिओत (हातातल्या रिमोटमध्ये) ट्रॅव्हल, म्हणजे सर्व्होच्या फिरण्याची मर्यादा, ६० टक्क्यांवर आणणारे पुष्कळ दिसतात. त्यात जोरही जातो आणि बारकावाही. आर्म असा निवडा की ट्रॅव्हल शंभरच्या पुढे नेल्यावरच पूर्ण थ्रो मिळेल. स्टिक मध्यावर असताना आर्म पुशरॉडशी काटकोनात हवा, तोही सबट्रिमने (रेडिओतून मध्य सरकवून) ओढूनताणून नव्हे, तर सर्व्होच्या दात्यांवर आर्म पुन्हा बसवून. हॉर्नचं भोक बरोब्बर बिजागरीच्या रेषेवर येऊ द्या, नाहीतर वर आणि खाली थ्रो वेगवेगळा पडतो.

हे सगळं दोन्ही विमानांना लागू आहे, पण फोमीत ही मेहनत अर्धीच वसूल होते. प्रॉप काढून ठेवा, एलिव्हेटरचं टोक दोन बोटांत हलकेच धरा आणि स्टिक ओढा. फोमीत सर्व्हो निमूट फिरतो, हॉर्नपाशी फोम वळतो आणि टोक बोटांतच राहतं. बाल्सात टोक बोटं ढकलून पुढे जातं. हवेतही हेच होतं. म्हणून फोमीच्या एलिव्हेटरवर कार्बनची पट्टी चिकटवणं हा चैनीचा भाग नाही. बाल्सात त्याऐवजी बिजागरीची फट पारदर्शक टेपने बंद करावी लागते आणि पुशरॉडमधली ढिलाई शोधून काढावी लागते. वेगात फडफड सुरू झाली तर शेपटीच उखडते. हळू उडणाऱ्या फोमीला हा धोका बराच कमी.

आपल्याकडच्या उन्हाची गोष्ट वेगळी सांगायला हवी. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेल्या फोमीचा ग्लू गनने चिकटवलेला हॉर्न हमखास सरकतो. ईपीपीला साधा सीए ग्लू (सुपरग्लू) चालतो, तोच वापरा. डेप्रॉन हा दुसऱ्या जातीचा फोम मात्र त्याने विरघळतो. बाल्सावर मढवलेली प्लॅस्टिकची फिल्म उन्हात सैल पडून सुरकुतते, मग इस्त्री घेऊन बसा. लायपो तर गाडीत ठेवूच नका.

सीजीसाठी (विमानाच्या गुरुत्वमध्यासाठी) दोन्हींत एकच चाचणी. ४५ अंशांच्या चढावर विमान उलटं करा आणि एलिव्हेटरला हात लावू नका. सरळ जात राहिलं तर सीजी थ्रीडीजोगा आहे. पटकन जमिनीकडे झुकलं तर नाक जड, आणखी वर चढू लागलं तर शेपूट जड. फोमीत बॅटरी २ सेंटिमीटर सरकवली की सीजी जवळपास ५ मिलिमीटर हलतो, बाल्सात साधारण ४. वेल्क्रोची पट्टी लांब ठेवा आणि जमलेल्या जागी पेनाने रेघ मारा.

एक्स्पो (मध्याजवळ स्टिक मऊ करणारी रेडिओतली सेटिंग) पूर्ण थ्रोवर ६० टक्क्यांच्या आसपास ठेवा. फ्युताबाच्या रेडिओवर स्टिक मऊ करायला एक्स्पो उणे टाकावा लागतो, स्पेक्ट्रमवर अधिक. मित्राचे आकडे जसेच्या तसे उतरवणाऱ्यांची इथेच फजिती होते. बाल्साला लो रेट (कमी थ्रोची सेटिंग) हवाच, एलिव्हेटर १२-१५ अंश. फोमीवर लो रेटचा स्विच धूळ खात पडतो. हॅरिअरमध्ये (नाक वर ठेवून हळू उडताना) पंख डुलत असतील तर दोन्ही एलेरॉन जरासे वर उचलणारं मिक्स टाका, डुलणं बरंच आवरतं.

वाऱ्यात बाल्सा उजवं, यात वाद नाही. उन्हाळ्यात दुपारच्या वाऱ्यापुढे फोमीचा टिकाव लागत नाही, म्हणजे उरली पहाट. आणि रात्री सराफ्यात खात बसून सकाळी सहाला मैदानावर पोहोचणारे थोडेच! पण मैदान म्हटलं की पारडं फिरतं. काळ्या मातीच्या भेगाळलेल्या शेतात बाल्साचं चाक अडकलं, की अंडरकॅरेजची (चाकांच्या सांगाड्याची) प्लेट बुडासकट निघते. त्याला पक्की धावपट्टी लागते. फोमी हातातून सोडता येतं, गवतावर पोटावर उतरवता येतं, नाक मोडलं तर तिथल्या तिथे चिकटतं. बाल्साच्या रिब (पंखातल्या फासळ्या) मोडल्या तर पुढचे रविवार गेलेच म्हणून समजा.

जागाही आधी बघून ठेवा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. ८ ते १२ च्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच. राजवाड्याच्या आसपासचं जुनं इंदूर ८ च्या आतच येतं. शहराबाहेर सिमरोळकडे गेलात तरी डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलचा नकाशा उघडून बघा, आणि महूच्या लष्करी छावणीपासून चार हात लांबच राहा.

जायरोबद्दल (विमान आपोआप स्थिर ठेवणाऱ्या उपकरणाबद्दल) हमखास विचारलं जातं. फोमीत खुशाल बसवा, झुळकीतले धक्के तो परस्पर सांभाळतो. बाल्सात मात्र सीजी आणि लिंकेज बिनजायरोचं जमवून घ्या, कारण तो चालू असला की विमानातला दोष झाकला जातो आणि ट्रिम कुठे चुकलंय तेच कळत नाही.