यूएसबी कार्ड आणि स्वतंत्र वीज घेणारा हब : दुकानातल्या डेस्कटॉपवर काही महिने वापरल्यानंतर

दुकानातल्या बिलिंगच्या डेस्कटॉपला गेल्या पावसाळ्यात मी दोन वस्तू जोडल्या. एक म्हणजे मदरबोर्डवरच्या (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डावरच्या) पीसीआय एक्सप्रेस या जास्तीची कार्डे बसवण्याच्या छोट्या स्लॉटमध्ये बसणारे चार पोर्टांचे यूएसबी ३.० कार्ड आणि दुसरी म्हणजे स्वतःच्या अडॅप्टरवर चालणारा सात पोर्टांचा हब, म्हणजे एका पोर्टाचे अनेक पोर्ट करणारा डबा. दोन्हींचा मिळून खर्च नव्या मदरबोर्डच्या निम्म्याहूनही कमी आला. त्यानंतर दिवाळीची गर्दी झाली, तुरीचा हंगामही सरत आला आणि या सगळ्या काळात हा संगणक सकाळपासून रात्रीपर्यंत चालू राहिला, त्यामुळे आता मत द्यायला हरकत नाही. विजेच्या आणि झिजलेल्या पोर्टांच्या तक्रारी या दोन वस्तूंनी जवळजवळ संपवल्या. ड्रायव्हरच्या, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, तक्रारींसाठी मात्र त्यांचा काडीचाही उपयोग झाला नाही. हा फरक लक्षात न घेता जो कोणी खरेदी करेल, त्याला पैसे पाण्यात गेल्यासारखे वाटण्याची शक्यता आहे.

संगणक लातूरमधल्या डाळीच्या घाऊक दुकानातला आहे. असेंबल केलेला, चौथ्या पिढीच्या प्रोसेसरचा आणि विंडोज १० वर चालणारा. त्याला कीबोर्ड आणि वायरलेस माउस यांच्याखेरीज बारकोड स्कॅनर, पावतीचा थर्मल प्रिंटर, लेझर प्रिंटर, डिजिटल सहीचे टोकन (ऑनलाइन सही करण्यासाठीचे पेनड्राइव्हसारखे उपकरण), बॅकअपची पोर्टेबल हार्ड डिस्क आणि इलेक्ट्रॉनिक वजनकाटा एवढी उपकरणे जोडावी लागतात. काट्याला अजून जुना नऊ पिनांचा सीरियल पोर्टच आहे, म्हणून मध्ये सीरियलचे यूएसबी करणारा कन्व्हर्टर लावलेला आहे. रिटर्न भरताना टोकन सापडेनासे होणे, प्रिंटर अचानक ऑफलाइन दिसणे, काट्यावरचे वजन बिलात न येणे आणि पडद्याच्या कोपऱ्यात ‘यूएसबी डिव्हाइस नॉट रेकग्नाइज्ड’ ही सूचना झळकणे, हे नेहमीचे झाले होते. दुरुस्तीला आलेल्या मुलाने दहा मिनिटांत निकाल दिला, “शेठ, मदरबोर्डच गेलाय, नवीन टाकू.” निकाल चुकीचाच होता असे नाही, पण त्याला आधार कशाचा, हे त्याला सांगता आले नाही.

यूएसबीच्या तक्रारींमध्ये सर्वांत दुर्लक्षित बाब वीज ही आहे. मानकाप्रमाणे यूएसबी २.० च्या पोर्टाने ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर आणि ३.० च्या पोर्टाने ९०० मिलिअँपिअर इतका प्रवाह द्यायचा असतो. अडॅप्टर नसलेला साधा चार तोंडांचा हब २.० च्या पोर्टाला लावला, तर त्या ५०० पैकी १०० हबच्या स्वतःच्या वाट्याला धरले जातात आणि प्रत्येक तोंडाला हक्काचे १०० च उरतात. एकाच नळावर सगळ्या वाड्याने पाणी भरावे, तशी ही गत असते. आमच्याकडे अशाच हबवर टोकन, स्कॅनर आणि हार्ड डिस्क होती. डिस्कची मोटर फिरू लागताना क्षणभर प्रवाहाची मागणी बरीच वाढते, व्होल्टेज खाली येते आणि शेजारचे टोकन गळून पडते. बॅकअप आणि सही ही दोन्ही कामे संध्याकाळीच होत असल्यामुळे ‘टोकन संध्याकाळी चालत नाही’ अशी समजूत दुकानात रूढ झाली होती आणि ती एका अर्थाने खरीही होती. नव्या हबला स्वतःची वीज मिळाल्यापासून ही तक्रार एकदाही आलेली नाही.

कार्ड निवडताना एक गोष्ट मी मुद्दाम पाहिली. पीसीआय एक्सप्रेसच्या स्लॉटमध्ये १२ व्होल्ट आणि ३.३ व्होल्ट मिळतात, ५ व्होल्ट मिळतच नाहीत. त्यामुळे कार्डाला पोर्टांसाठी लागणारे ५ व्होल्ट एकतर १२ व्होल्टांवरून स्वतः तयार करावे लागतात किंवा एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) वायरीतून थेट घ्यावे लागतात. ज्या कार्डावर साटा पद्धतीचा (हार्ड डिस्कला वीज देणारी वायर बसेल असा) पॉवर सॉकेट आहे तेच घ्यावे आणि बसवताना ती वायर खरोखर जोडली जाते आहे का, ते उभे राहून पाहावे, असे माझे स्पष्ट मत आहे. वायर न जोडताही काही कार्डे माउस-कीबोर्डापुरती चालल्यासारखी वाटतात आणि डिस्क लावली की रुसतात.

मेलेल्या पोर्टाबद्दलही थोडे लिहिले पाहिजे. मदरबोर्डवर यूएसबी पोर्टांच्या मागे बहुधा आपोआप पूर्ववत होणारा छोटा फ्यूज असतो. प्रमाणाबाहेर प्रवाह गेला की तो तापतो, त्याचा रोध वाढतो आणि पोर्ट बंद पडतो. थंड झाला की पोर्ट पुन्हा चालू होतो. सकाळी बंद असलेला पोर्ट दुपारी आपोआप चालू झाल्याचे ज्यांनी पाहिले असेल, त्यांनी या फ्यूजचा संशय आधी घ्यावा. आमच्या कॅबिनेटच्या पुढच्या बाजूच्या एका पोर्टात डाळीच्या भुकटीचा थर बसला होता आणि एक पिन वाकून बाहेरच्या धातूच्या आवरणाला टेकत होती. विंडोज ‘पॉवर सर्ज ऑन द यूएसबी पोर्ट’ असे सांगत होते, ते खोटे नव्हते. पुढच्या पॅनेलची वायर मदरबोर्डवरच्या पिनांवरून काढून टाकल्यावर मागच्या पोर्टांपैकी दोन, जे गेले असे समजले जात होते, पूर्ववत चालू लागले. या उपायाला एक रुपयाही लागला नाही. खरेदीच्या आधी हे करून पाहिले तर कदाचित कार्डाची गरजही उरणार नाही, आणि कार्डाच्या परीक्षणात हे लिहिणे मला आवश्यक वाटते.

आता ड्रायव्हरकडे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडोजमधल्या उपकरणांच्या यादीत, पिवळा त्रिकोण दिसला की बहुतेक लोक ड्रायव्हर शोधायला धावतात आणि नको त्या संकेतस्थळांवरून ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची सॉफ्टवेअरे उतरवून घेतात. त्याऐवजी त्या नोंदीवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि कोड कोणता आहे ते वाचावे. २८ असेल तर ड्रायव्हर खरोखरच बसलेला नाही. १० असेल तर ड्रायव्हर आहे, पण त्याला उपकरण सुरू करता आलेले नाही. आणि ४३ सोबत ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड’ असे शब्द असतील तर ड्रायव्हर शोधण्यात वेळ घालवू नये. उपकरण जोडल्याबरोबर संगणक त्याला सर्वप्रथम ‘तू कोण?’ असे विचारतो. उपकरणाने आपला निर्माता क्रमांक आणि उत्पादन क्रमांक सांगितल्यावरच कोणता ड्रायव्हर लावायचा हे विंडोज ठरवते. हा संदेश आला याचा अर्थ त्या पहिल्या प्रश्नालाच उत्तर मिळालेले नाही. ‘डिटेल्स’मध्ये जाऊन ‘हार्डवेअर आयडीज’ पाहिले तर निर्माता क्रमांकाच्या जागी चार शून्ये दिसतात. अशा वेळी केबल, पोर्ट, वीजपुरवठा किंवा ते उपकरण स्वतः, यांपैकी कशात तरी दोष असण्याची शक्यता सर्वाधिक असते. आमच्या थर्मल प्रिंटरच्या बाबतीत दोष केबलमध्ये निघाला, आणि तीही टेबलाच्या खणात रोज चेमटत होती.

काट्याच्या कन्व्हर्टरची कथा याच्या उलट होती. तिथे वीज ठीक होती, पोर्ट नवा होता, निर्माता क्रमांकही व्यवस्थित दिसत होता आणि तरीही कोड १० येत होता. विंडोज अपडेटने पूर्वीच्या ड्रायव्हरच्या जागी नवी आवृत्ती बसवली होती आणि कन्व्हर्टरमधली चिप निर्मात्याने बंद केलेल्या जुन्या प्रकारची असल्यामुळे नवा ड्रायव्हर तिला चालवायला नकार देत होता. ‘ड्रायव्हर’ टॅबमधल्या ‘रोल बॅक ड्रायव्हर’ने त्या दिवसाचे काम निभावले, पण पुढच्या अपडेटला पुन्हा तेच झाले. शेवटी वेगळ्या चिपचा कन्व्हर्टर घेतला. बाजारात या वस्तूंमध्ये नकली चिपांचे प्रमाण मोठे आहे आणि चिपनिर्मात्यांनी त्याविरुद्ध ड्रायव्हरच हत्यार म्हणून वापरल्याची उदाहरणे आहेत. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये एफटीडीआय या कंपनीचा विंडोज अपडेटमधून आलेला ड्रायव्हर नकली चिपांचा उत्पादन क्रमांक बदलून शून्य करत असे, त्यामुळे ती उपकरणे ओळखली जाईनाशी होत. गदारोळ झाल्यावर तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. शिक्षा नकली माल बनवणाऱ्याला व्हायला हवी होती. ती झाली अजाण ग्राहकाला, हे मला तेव्हाही पटले नव्हते.

कन्व्हर्टर बदलूनही वजन बिलात येईना, कारण नव्या कन्व्हर्टरला विंडोजने नवा कॉम क्रमांक (सीरियल पोर्टाचा ओळखक्रमांक) दिला होता आणि बिलिंगचे सॉफ्टवेअर जुन्याच क्रमांकावर वाट पाहत होते. ज्या कन्व्हर्टरमध्ये स्वतंत्र अनुक्रमांक नसतो, तो एका पोर्टातून काढून दुसऱ्यात घातला तरी विंडोज त्याला नवीन उपकरण समजते आणि क्रमांक पुढे सरकतो. डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडले की अशा जुन्या, फिकट दिसणाऱ्या नोंदी समोर येतात. त्या काढून टाकाव्यात आणि ‘पोर्ट सेटिंग्ज’च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये हवा तो क्रमांक ठरवून द्यावा. त्यानंतर मी काट्याचा कन्व्हर्टर ज्या पोर्टात आहे त्यावर चिकटपट्टी लावून ‘काटा’ असे लिहून ठेवले आहे. हा उपाय गावठी वाटेल, पण दुकानात चार माणसे वावरतात तिथे तोच टिकतो.

दोन सेटिंग्ज बदलल्याचा फायदाही नोंदवतो. ‘पॉवर ऑप्शन्स’मधले ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद केल्यावर दुपारच्या शांत वेळेनंतर स्कॅनर झोपी जाण्याचे थांबले. आणि ‘फास्ट स्टार्टअप’ बंद केल्यावर रात्री संगणक बंद करण्याला पुन्हा अर्थ आला. कारण ते चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर साठवून ठेवते आणि अडकलेला ड्रायव्हर सकाळी तसाच अडकलेला परत येतो. ‘रीस्टार्ट’ने दुरुस्त होणारी गोष्ट ‘शट डाउन’ने का होत नाही, याचे कारण बहुधा हेच असते.

या सगळ्याहून महत्त्वाची गोष्ट संगणकाच्या बाहेर होती. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येत असत. एसएमपीएसमध्ये विजेचा गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींकडून पत्र्याकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग नीट नसेल तर पत्रा २३० व्होल्टांच्या जवळपास निम्म्यावर तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, तरी वेगळ्या बोर्डावर लावलेला प्रिंटर यूएसबी केबलने जोडला की तो केबलच्या आवरणातून वाट काढतो आणि पोर्टांना त्रास देतो. इलेक्ट्रिशियनने तपासले तेव्हा दुकानामागचा अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत निघाला. मीठ-कोळसा नव्याने भरून पाणी सोडल्यावर झिणझिण्या गेल्या आणि प्रिंटरचे अधूनमधून ऑफलाइन होणेही गेले. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जमीन वाळली की हा त्रास वाढतो, म्हणून खड्ड्यात पाणी घालत राहणे हे आता दुकानाच्या कामांत धरले आहे.

या दोन वस्तूंचे दोषही सांगितले पाहिजेत. कार्डाच्या पोर्टाला लावलेला कीबोर्ड आमच्या जुन्या मदरबोर्डच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) चालत नाही, विंडोज सुरू झाल्यावरच चालतो. म्हणून कीबोर्ड मागच्या मूळ पोर्टातच ठेवावा लागला. वायरलेस माउसचा रिसीव्हर कार्डाच्या निळ्या पोर्टांच्या शेजारी असताना डिस्कवर बॅकअप सुरू झाला की माउस अडखळू लागतो. यूएसबी ३.० च्या वेगवान संदेशांमधून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो, याविषयी इंटेलने २०१२ मध्येच तांत्रिक टिपण प्रसिद्ध केले होते. हातभर लांबीच्या एक्स्टेंशन केबलने रिसीव्हर टेबलावर आणल्यावर प्रश्न मिटला. वेगाबद्दल फार अपेक्षा ठेवू नये; कार्ड ज्या छोट्या (एक्स १) स्लॉटमध्ये आहे त्याची डेटा नेणारी एकच मार्गिका चारही पोर्ट वाटून घेतात, त्यामुळे दोन डिस्कांवर एकदम बॅकअप घेतला तर दोन्ही मंदावतात. आमच्या कामाला याने काही अडत नाही.

हबचा दोष अधिक गंभीर आहे. संगणक पूर्ण बंद करून मुख्य प्लग काढला तरी हबच्या अडॅप्टरची वीज केबलवाटे उलटी मदरबोर्डकडे जाते आणि कीबोर्डाचा दिवा मिणमिणत राहतो. मानकाला हे मान्य नाही आणि चांगल्या हबमध्ये ते रोखलेले असते. तूर्त मी हब आणि संगणक एकाच स्विचवर घेतले आहेत, पण पुन्हा घ्यायचा झाला तर दुकानातच संगणकाचा प्लग काढून ही तपासणी करून घेईन आणि मगच पैसे देईन.

ज्यांच्याकडे तीन-चारच उपकरणे आहेत त्यांना कार्डाची गरज नाही. अडॅप्टरसह मिळणारा चांगला हब पुरेल. मदरबोर्डचे मूळ पोर्ट खरोखर जळाले असतील, किंवा आठ-दहा उपकरणे रोज चालवायची असतील, तर कार्ड घ्यावे आणि शक्यतो विंडोज १० मध्ये वेगळा ड्रायव्हर न टाकता ओळखले जाणारे घ्यावे. अजूनही विंडोज ७ वर चालणाऱ्या यंत्रांना यूएसबी ३.० चा ड्रायव्हर मुळात नसतो, तो चिपनिर्मात्याकडूनच घ्यावा लागतो, हेही खरेदीपूर्वी पाहावे. कॅबिनेट अरुंद असेल तर कार्डासोबत कमी उंचीची पत्र्याची पट्टी मिळते आहे ना, याची खात्री खोके उघडूनच करावी. आमच्या कार्डासोबत ती नव्हती आणि वेगळी मागवावी लागली.