हॅमर की गोळी? नागपूरहून परदेशी यॉटवर न्यायचं ऑटो लाइफ जॅकेट

ग्रीस किंवा क्रोएशियात यॉट भाड्याने घेतली की लाइफ जॅकेटं बोटीवर मिळतातच. मात्र ती बहुतेकदा १०० न्यूटनची (न्यूटन म्हणजे तरंगवण्याच्या ताकदीचं माप), जाड फोमची असतात. ती घालून विंच (शिडाचे दोर ओढायची चकरी) फिरवायची म्हणजे शिक्षाच, त्यामुळे सगळी बाकाखाली पडून राहतात. अंगावर नसलेलं जॅकेट कामाचं नाही, म्हणून स्वतःचं १५० न्यूटनचं, आपोआप फुगणारं जॅकेट सोबत न्यावं. प्रश्न एवढाच की ते नागपूरच्या घरात वर्षभर टिकलं पाहिजे आणि विमानतळावरून पारही झालं पाहिजे. जॅकेट फुगवणारी यंत्रणा दोन प्रकारची मिळते, विरघळणाऱ्या गोळीची आणि पाण्याच्या दाबावर चालणारी हॅमर कंपनीची; इथे दोन्हींना या दोनच कसोट्या लावल्या आहेत.

जॅकेटच्या अंगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही. आयएसओ १२४०२-३ चा शिक्का असलेल्या चांगल्या कंपन्यांच्या जॅकेटांत फुगा, शिट्टी, तोंडाने फुगवायची नळी आणि ३३ ग्रॅमचा कार्बन डायऑक्साइड सिलिंडर सारखाच असतो. १५० न्यूटन म्हणजे साधारण १५ किलोचा उचल. घेताना मांड्यांमधून जाणारा पट्टा आणि सेफ्टी लाइन (आपल्याला बोटीशी बांधून ठेवणारा दोर) अडकवायची कडी आहे ना, तेवढं बघा. कडी-पट्ट्यांसाठीचं वेगळं मानक आयएसओ १२४०१ आहे. मांडीपट्टा नसेल तर फुगलेलं जॅकेट वर सरकून कानांपाशी येतं आणि तोंड पाण्यात जातं. दिवा कित्येकदा वेगळा विकत घ्यावा लागतो, त्यात काटकसर नको.

खरा फरक फायरिंग हेडमध्ये, म्हणजे सिलिंडर फोडून जॅकेट फुगवणाऱ्या यंत्रणेत आहे. यूएमएल आणि हाल्की-रॉबर्ट्स या कंपन्यांच्या हेडमध्ये पाण्याने विरघळणारी गोळी असते. गोळी ओली झाली की स्प्रिंग सुटते आणि सुई सिलिंडरला भोक पाडते. हॅमरचं हेड पाण्याच्या दाबावर चालतं, साधारण १० सेंटिमीटर खोल गेल्याशिवाय ते सुटत नाही. लाटांचे शिंतोडे, पाऊस, ओली बॅग यांनी त्याला काही होत नाही. दोन्हींत हाताने ओढायची दोरी असते.

नागपूरच्या घरात गोळीवालं हेड अडचणीचं ठरतं. एप्रिल ते जून इथे डेझर्ट कूलर दिवसरात्र चालतो आणि खोलीतली हवा दमट राहते. त्यानंतर लगेच पावसाळा. गोळी हळूहळू ओल धरते, भुसभुशीत होते, आणि एखाद्या दिवशी कपाटातच जॅकेट फुगलेलं सापडतं. एक सिलिंडर आणि एक गोळी वाया. मग कूलर नको म्हणून लोक ते गच्चीवरच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत टाकतात. मे महिन्यातल्या बंद डिकीचा ताप ना फुग्याच्या कापडाला मानवतो, ना सिलिंडरला. गोळीवालं घेतलंच तर जॅकेट घडी न घालता हँगरवर, कूलर नसलेल्या आतल्या खोलीत टांगा. गोळी काढून सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि जॅकेटवर ठळक चिठ्ठी लावा: गोळी काढलेली आहे. चिठ्ठी विसरलात तर पाण्यात पडल्यावर जॅकेट आपोआप फुगणार नाही. गोळीवर तारीख असते; ती उत्पादनाची असेल तर तिथून ३ वर्षं धरा. हॅमरचं हेड ५ वर्षं चालतं आणि बदलायची तारीख त्याच्या तोंडावरच छापलेली असते.

इथवर हॅमर सरळ पुढे आहे. विमानतळावर मात्र हिशेब फिरतो.

आयएटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या धोकादायक वस्तूंच्या नियमांत आपोआप फुगणाऱ्या लाइफ जॅकेटला परवानगी आहे: जॅकेटमध्ये बसवलेले दोन छोटे सिलिंडर, शिवाय दोन सुटे, पण विमान कंपनीच्या मंजुरीने. ही मंजुरी तोंडी घेऊन उपयोग नाही. पीएनआर (तिकिटाचा बुकिंग क्रमांक) घालून ईमेल करा आणि उत्तराची छापील प्रत जॅकेटच्या पिशवीत ठेवा. नागपूरहून मुंबई किंवा दोहामार्गे जाताना तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असू शकतं, तेव्हा प्रत्यक्ष विमान उडवणाऱ्या प्रत्येक कंपनीची मंजुरी लागते. सिलिंडरचं सुरक्षा माहितीपत्रकही सोबत असू द्या. हा ३३ ग्रॅमचा न पेटणारा वायू आहे, घरगुती गॅस नव्हे, हे रांगेत उभं राहून समजावण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

तरीही तपासणीला ‘सिलिंडर काढून दाखवा’ म्हणू शकतात. गोळीवाल्या हेडचा सिलिंडर बाहेरून असतो, हाताने फिरवला की निघतो. हॅमरमध्ये सिलिंडर फुग्याच्या आत असतो. खाऱ्या हवेने गंजत नाही हा त्याचा मोठा गुण, पण तो काढायला किल्ली लावून पूर्ण हेड उघडावं लागतं आणि बंद करताना रिंग नीट बसली नाही तर फुग्यातून हवा गळते. सिलिंडर जप्त झालाच, तर अर्धा इंची आट्यांचा ३३ ग्रॅमचा साधा सिलिंडर परदेशातल्या मरिनाच्या दुकानात सहज मिळतो. हॅमरचा संच (हेड आणि सिलिंडर) प्रत्येक बेटावर मिळेलच असं नाही.

तरी आमचं मत हॅमरकडेच झुकतं. विमानतळ वर्षातून एकदा, कूलर तीन महिने. फक्त किल्ली आणि एक सुटा संच बॅगेत हवाच.

निघण्याच्या महिनाभर आधी तपासणी उरका. सिलिंडर काढून वजन करा, १ ग्रॅम दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो, नसेल तर इतवारीत सराफाच्या काट्यावर ठेवा. छापलेल्या वजनापेक्षा २ ग्रॅमहून जास्त घट असेल तर नवा घ्या. मग फुगा नळीतून पंपाने भरून रात्रभर ठेवा. तोंडाने फुंकू नका, श्वासाची ओल आत राहते. दुपारी ४४ अंशांत भरलेला फुगा पहाटे ढिला लागणारच, ती गळती नव्हे. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा दाबून बघा. सिलिंडर परत घट्ट फिरवायला विसरू नका, बोटीच्या हादऱ्यांनी तो सैल होतो आणि मग सुई पोहोचतच नाही.

जॅकेटला एआयएस बीकन (आसपासच्या बोटींना आपली जागा कळवणारं यंत्र) किंवा पीएलबी (उपग्रहामार्फत संकटाचा इशारा देणारं यंत्र) जोडलं असेल तर ऐवज महाग होतो. मग जाताना विमानतळावरच कस्टम्सला वस्तू दाखवून सीरियल नंबरसह एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्या, बॅग चेक-इनला देण्याआधी. परतताना ‘तिकडे घेतलं का’ या प्रश्नाला तेच उत्तर. ४०६ मेगाहर्ट्झचं पीएलबी ज्या देशाच्या कोडचं असेल त्याच देशात नोंदवावं लागतं. भारतीय कोड असेल तर बंगळुरूच्या इस्रोच्या मिशन कंट्रोल सेंटरकडे. सॅटेलाइट फोन आणि उपग्रहावरून निरोप पाठवणारी यंत्रं मात्र घरीच ठेवा. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ती बाळगल्याबद्दल भारतीय विमानतळांवर अटका झाल्या आहेत. फ्लेअर्स (संकटात पेटवायच्या इशाऱ्याच्या मशाली) विमानात कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, ते बोटीवरचेच वापरायचे. फक्त बोटीचा ताबा घेताना त्यांची मुदत वाचा.

स्वतःच्या बोटीने एका देशातून दुसऱ्यात जाणाऱ्यांची फाइल वेगळी: पिवळा क्यू झेंडा (नव्या देशात प्रवेशाची परवानगी मागणारा), बोटीची नोंदणी, विमा, क्रू लिस्ट, आधीच्या बंदराचं क्लिअरन्स. त्यात वैयक्तिक जॅकेटचा कागद कुणी मागत नाही, पण ते कोणत्या ताकदीचं हवं हे बोटीच्या झेंड्यावर, म्हणजे ती कोणत्या देशात नोंदलेली आहे त्यावर ठरतं. फ्रेंच नोंदणीच्या बोटीवर किनाऱ्यापासून ६ सागरी मैलांपलीकडे १५० न्यूटनच लागतं, २ ते ६ मैलांत १०० चालतं. ३० किलोपर्यंतच्या मुलांना मात्र अंतर कितीही असो, किमान १०० न्यूटन. मोठ्यांचं ऑटो जॅकेट पट्टे आवळून लहान मुलाला घालू नका, त्यांच्यासाठी त्यांच्या वजनाचं वेगळंच घ्यावं लागतं.