पी४५० इलेक्ट्रोडवर बसवायचा आहे: डीडीएबीची फिल्म की मायक्रोसोमचे थर?

यकृतात औषधांचा चयापचय करणाऱ्या पी४५० कुळातल्या एन्झाइमांवर इलेक्ट्रोकेमिस्ट्रीने काम करायचं ठरलं, मार्गदर्शकांचा होकार मिळाला आणि पोटेन्शिओस्टॅट, म्हणजे इलेक्ट्रोडला व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्रही मोकळं आहे. आता ठरवायचं एकच राहतं. सीवायपी३ए४ किंवा सीवायपी२सी९ असं एखादं पी४५० शुद्ध स्वरूपात घेऊन ते डीडीएबी या सर्फॅक्टंटच्या फिल्ममध्ये बसवायचं, की अख्खे मायक्रोसोम, म्हणजे ही एन्झाइमं ज्यात असतात ते पेशींतल्या पटलाचे तुकडे घेऊन पॉलिइलेक्ट्रोलाइट या प्रभारित पॉलिमरबरोबर थरावर थर चढवायचे? दोन्ही मी केलं आहे आणि आता एकच करतो. तुमचं काम वेगळं असेल तर तुमचं उत्तरही वेगळं येऊ शकेल. तरी माझी गाडी कुठे अडली ते सविस्तर सांगतो, कारण शोधनिबंधांच्या 'पद्धती' या भागात ते सहसा दोन ओळींत उरकलेलं असतं.

पी४५० ला एरवी इलेक्ट्रॉन पुरवणारं एनएडीपीएच महाग असतं, द्रावणात टिकत नाही आणि ते सतत पुरवायला ग्लुकोज-६-फॉस्फेटची वेगळी यंत्रणा लावावी लागते. इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडने दिले की हे सगळं टळतं. हा फायदा दोन्ही पद्धतींत सारखाच मिळतो, त्यामुळे निवड त्यावर होत नाही.

डीडीएबीपासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांची सुरुवात तिथूनच होते. कनेक्टिकटमध्ये रस्लिंग आणि नासर यांनी १९९३ साली मायोग्लोबिन या फिल्ममध्ये बसवून दाखवलं आणि हीम, म्हणजे लोह धरून ठेवणारा रेणू असलेलं जे प्रथिन इलेक्ट्रोडवर दाद देत नव्हतं ते एकदम बोलू लागलं. पुढे मॉस्कोत शुम्यान्त्सेव्हा आणि अर्चाकोव्ह यांच्या गटाने त्यात सोन्याचे नॅनोकण मिसळले, स्क्रीन-प्रिंटेड इलेक्ट्रोड वापरले आणि मानवी पी४५० च्या कितीतरी प्रकारांवर काम केलं. पद्धत खरोखरच सोपी आहे. क्लोरोफॉर्ममधल्या डीडीएबीचा थेंब टाका, वाळू द्या, वर एक-दोन मायक्रोलिटर एन्झाइम सोडा आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी बफरमध्ये नायट्रोजन सोडून व्होल्टामोग्राम, म्हणजे व्होल्टेज बदलताना करंटचा आलेख काढला की स्क्रीनवर दोन सुबक पीक उमटतात. एन्झाइम इतकं कमी लागतं की एक लहानशी कुपी महिनोन्महिने पुरते. इलेक्ट्रोड वापरून फेकून देता येतो, घासत बसावं लागत नाही. नव्या विद्यार्थ्याचा हातही लवकर बसतो.

फक्त पावसाळ्यात जपा. क्लोरोफॉर्म उडताना पृष्ठभाग गार पडतो, मुंबईच्या दमट हवेतली वाफ त्यावर धरते आणि फिल्म दुधाळ होते. सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये वाळवली तर नितळ येते.

आता माझं घोडं कुठे पेंड खाऊ लागलं ते सांगतो. एन्झाइम न घालता त्याच फिल्ममध्ये नुसतं हेमिन, म्हणजे प्रथिनाशिवायचं हीम घातलं तरी जवळपास त्याच व्होल्टेजला तशीच सुबक जोडी येते. मग स्क्रीनवर दिसतंय ते एन्झाइमचं पीक आहे की एन्झाइममधून निसटलेल्या हीमचं? शंका हवेतली नाही. डी ग्रूट, मर्क्स आणि कोपर यांनी २००५ साली मायोग्लोबिनच्या बाबतीत हेच दाखवून दिलं: डीडीएबीच्या फिल्ममध्ये प्रथिनातून हीम सुटतं आणि जो संकेत आपण प्रथिनाचा समजतो तो त्या सुट्या हीमचा असतो. पी४५० मायोग्लोबिन नाही हे मला मान्य आहे. त्यातलं हीम लोहाच्या बाजूने सिस्टीनच्या गंधकाला धरून असतं आणि नीट हाताळलेली फिल्म ते टिकवूनही ठेवत असेल. पण 'असेल' या शब्दावर प्रबंधाचं प्रकरण उभं राहत नाही.

त्यातून नेहमीच्या चाचण्याही इथे निवाडा देत नाहीत. कार्बन मोनॉक्साइड सोडल्यावर पीक धन बाजूला सरकतं, तेव्हा पी४५० शाबूत आहे असं म्हणायचा मोह होतो. मात्र कार्बन मोनॉक्साइड सुट्या हीमलाही चिकटतो आणि ते पीकही सरकतं. ऑक्सिजन सोडल्यावर कॅथोडिक करंट उसळतो, पण हेमिननेही उसळतो. औषध घातल्यावर करंट आणखी थोडा वाढतो, आणि सगळा अर्थ त्या 'थोडा'मध्येच शोधायचा असतो. ऑक्सिजनचा पायाभूत करंट एका इलेक्ट्रोडवर एक, शेजारच्या इलेक्ट्रोडवर दुसरा. एरिथ्रोमायसिनची वाढ त्या दोहोंमधल्या फरकापेक्षा लहान असली तर मी ती कोणाला दाखवायची? शिवाय ऑक्सिजनचं अर्धवट क्षपण (रिडक्शन) होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. ते एकीकडे हीमची नासाडी करतं, दुसरीकडे आडमार्गाने थोडं उत्पादनही काढून देतं. म्हणजे मेटाबोलाइट (चयापचयात औषधापासून बनणारा पदार्थ) सापडला तरी तो इलेक्ट्रोडच्या इलेक्ट्रॉनांमुळे आला की पेरॉक्साइडमुळे, हा प्रश्न उरतोच. पेरॉक्साइड मोडणारं कॅटालेज घातलं की उत्पादन घटतं, मग किती घटलं त्यावर वाद सुरू होतो.

वर्णपटाचा आधार घ्यावा तर तोही सहजी मिळत नाही. ओमुरा आणि सातो यांची जुनी कसोटी, म्हणजे क्षपण करून कार्बन मोनॉक्साइड दिल्यावर ४५० नॅनोमीटरला शिखर आलं तर एन्झाइम शाबूत आणि ४२० ला आलं तर मोडलेलं, ही आजही सर्वांत भरवशाची आहे. मात्र ग्रॅफाइटमधून प्रकाश जात नाही. तीच फिल्म काचेवर करून पाहावी तर डीडीएबी प्रकाश विखुरतं आणि ४२० च्या आसपासचा खांदा खरा की आभासी, यावर दोघांचं एकमत होत नाही. माझ्या एका फिल्मचा वर्णपट तीन सहकाऱ्यांनी पाहिला होता. तिघांनी तीन मतं दिली.

आता थरांची पद्धत. पी४५०कॅम हे जिवाणूतलं पी४५० थरांमध्ये बसवल्याचं काम १९९८ चं आहे, तेही रस्लिंग यांच्याच गटाचं. २००५ मध्ये त्यांनी मानवी पी४५० भरपूर असलेले मायक्रोसोम असे बसवले. मायक्रोसोमवर एकूण ऋण प्रभार असतो, म्हणून खाली धन प्रभाराचं पॉलिइथिलीनइमिन द्यायचं, वर मायक्रोसोम, पुन्हा पॉलिमर, पुन्हा मायक्रोसोम. मेहनत डीडीएबीच्या कितीतरी पट. पायरोलिटिक ग्रॅफाइट आधी सॅंडपेपरवर, मग अल्युमिनावर घासायचं आणि सोनिकेटरमध्ये धरायचं. पाणी काळं यायचं थांबेपर्यंत पुढचं पाऊल टाकू नका. मायक्रोसोमचा थेंब ठेवल्यावर इलेक्ट्रोड ओल्या टिश्यूसह झाकणाखाली फ्रिजमध्ये ठेवा. थेंबाची कड वाळली की तिथला थर धुताना पापुद्र्यासारखा सुटतो. दोन-तीन दुहेरी थरांच्या पुढे जाण्यात मला काही मिळालं नाही. वरच्या थरांपर्यंत इलेक्ट्रॉन पोहोचतच नाहीत.

मायक्रोसोम मिळवणं हा निराळा त्रास आहे. परदेशातून कोरड्या बर्फात येणारा माल विमानतळावर दोन दिवस रखडला तर आत काय उरलं असेल याची खात्री नाही. म्हणून माल हातात पडला की पहिलं काम ४५० नॅनोमीटरची चाचणी, आणि दुसरं लहान लहान वाटे करून उणे ८० ला ठेवणं. वितळवून पुन्हा गोठवू नका.

एवढं करून स्क्रीनवर काय दिसतं? बसकं, रुंद, नीरस पीक. डीडीएबीशेजारी ठेवलं तर कोणीही डीडीएबीच निवडेल. पण हे पीक कोणाचं ते सांगता येतं, आणि माझ्यासाठी तराजू इथे झुकला. मायक्रोसोममध्ये पी४५० च्या सोबत त्याला इलेक्ट्रॉन देणारी रिडक्टेज असते, एफएडी आणि एफएमएन ही दोन फ्लेविन असलेली. इलेक्ट्रोडचे इलेक्ट्रॉन आधी तिला मिळतात आणि तिच्याकडून पी४५० ला, म्हणजे यकृतात मिळतात त्याच वाटेने. कार्बन मोनॉक्साइड सोडला तर हे पीक जागचं जवळपास हलत नाही, कारण फ्लेविनला त्याचं काही देणंघेणं नाही. सुट्या हीमचं पीक असतं तर सरकलं असतं. डीडीएबीत जी चाचणी काहीच सांगत नव्हती ती इथे उपयोगी पडते. २०११ मध्ये रस्लिंग यांच्याच गटाने शुद्ध पी४५० आणि रिडक्टेज एकाच फिल्ममध्ये बसवून हीच वाट दाखवली. पुढे कृष्णन यांच्या ओक्लाहोमातल्या गटाने यकृताचे मायक्रोसोम थेट कार्बनवर बसवून काम नेलं. म्हणजे रस्ता एकट्यादुकट्याचा नाही.

ऑक्सिजनचा करंट इथेही असतो आणि पेरॉक्साइडही बनतं, कारण रिडक्टेज स्वतःही ऑक्सिजनला थोडे इलेक्ट्रॉन गळू देते. कॅटालेज इथेही घालतोच. फरक असा की इथे मी करंटवर निष्कर्ष काढतच नाही. ठरावीक व्होल्टेजला काही वेळ धरून ठेवतो आणि द्रावण एलसी-एमएसला, म्हणजे पदार्थ वेगळे करून वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्राला देतो. टेस्टोस्टेरॉनपासून ६-बीटा-हायड्रॉक्सी आलं का, डायक्लोफेनॅकपासून ४-प्राइम-हायड्रॉक्सी आलं का, एवढंच पाहतो. सोबत तीन इलेक्ट्रोड नेहमी असतात: व्होल्टेज न दिलेला, उकळलेल्या मायक्रोसोमचा आणि नुसत्या पॉलिमरचा. शिवाय तेच मायक्रोसोम साध्या नळीत एनएडीपीएचबरोबर ठेवून शेजारी मोजतो. माझ्या अनुभवात इलेक्ट्रोडवरचं उत्पादन नळीपेक्षा कमीच निघतं, पण कोणता मेटाबोलाइट जास्त आणि कोणता कमी, हा क्रम सहसा जुळतो. ३ए४ ला रोखणाऱ्या केटोकोनॅझोलने त्याचं उत्पादन दोन्हीकडे पडतं. डीडीएबीत हा क्रम मला भरवशाने जुळवता आला नाही. दुसऱ्या कोणाच्या हातून जुळलाही असेल.

मग डीडीएबी कोणी घ्यावं? ज्याला मेटाबोलाइट नको, रक्तातल्या औषधाचं प्रमाण दाखवणारा सेन्सर हवा, त्याने खुशाल घ्यावं. संकेत एन्झाइमचा की हीमचा, याने सेन्सरवाल्याचं फारसं अडत नाही. संकेत औषधाच्या प्रमाणात वाढतो आणि पुन्हा पुन्हा तसाच येतो, एवढं पुरतं. ज्याच्याकडे एकाच उत्परिवर्तित एन्झाइमची चिमूटभर मात्रा आहे आणि रिडक्टेज नाहीच, त्यालाही दुसरा सोपा मार्ग नाही. पण त्याने हेमिनचा इलेक्ट्रोड पहिल्या दिवसापासून शेजारी ठेवावा आणि आपल्या आकृतीत तो छापावा.

काही जण तिसरा मार्ग सुचवतात: एन्झाइम वगळून औषधाचंच थेट इलेक्ट्रोडवर ऑक्सिडीकरण करायचं आणि पुढे मास स्पेक्ट्रोमीटर जोडायचा. पॅरासिटामॉलचं विषारी क्विनोन-इमिन पाहायला हा उत्तम आहे, एन-डीअल्किलेशनलाही बरा. पण साध्या कार्बन-हायड्रोजन बंधावर हायड्रॉक्सिल बसवणं त्याला जमत नाही, आणि कोणत्या जागी ऑक्सिजन बसणार हे ठरवणारं एन्झाइमच तिथे नसतं. प्रश्न एन्झाइमबद्दल असेल तर हा पर्याय बाजूलाच ठेवा.

मायक्रोसोमकडे वळत असाल तर यकृतातले मिश्र मायक्रोसोम लगेच घेऊ नका. आधी कीटकपेशींत बनवलेले, एकच पी४५० आणि रिडक्टेज असलेले घ्या, आणि बरोबर रिडक्टेज असलेले पण पी४५० नसलेले मायक्रोसोमही मागवा. दोन्हींचं पीक जवळपास सारखं येईल, मेटाबोलाइट फक्त एकात सापडेल. पहिलं औषध म्हणून २सी९ आणि डायक्लोफेनॅक बरं: हायड्रॉक्सी मेटाबोलाइटचं मानक विकत मिळतं आणि एलसी-एमएसवर ते स्वच्छ दिसतं. ३ए४ नंतर घ्या, आणि घ्याल तेव्हा सायटोक्रोम बी५ हे त्याला मदत करणारं प्रथिन असलेली तयारी घ्या. नाहीतर टेस्टोस्टेरॉनचं उत्पादन इतकं कमी निघू शकतं की फिल्मलाच दोष द्यावासा वाटेल.