सोलापुरातली परदेशी शिक्षणाची कन्सल्टन्सी: फाईल चांगली करतात, खर्च मात्र अर्धाच सांगतात (५ पैकी ३ स्टार)

माझ्या धाकट्या बहिणीला जर्मनीत मास्टर्स करायचंय, मेकॅनिकल झालंय तिचं इथंच सोलापुरात, म्हणून आम्ही एका कन्सल्टन्सीकडे गेलो. नाव लिहीत नाही कारण नंतर दुसरीकडे पण विचारून बघितलं तर सगळ्यांचं बोलणं साधारण तसंच, मग एकट्याचंच नाव का घ्यायचं.

आधी चांगलं सांगतो. कागदपत्रांचं काम एक नंबर. भारतातल्या मुलांना जर्मनीसाठी एपीएस सर्टिफिकेट (आपल्या शिक्षणाची कागदपत्रं खरी आहेत हे तपासून देतात ते) लागतं, त्याची फी १८,००० रुपये आहे आणि ते हातात आल्याशिवाय व्हिसाची फाईल पुढं सरकत नाही, हे कन्सल्टन्सीतल्या मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं. केगावला युनिव्हर्सिटीत जाऊन ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सेमेस्टरच्या मार्कांचा अधिकृत कागद, आधी काढून ठेवा, शेवटी धावपळ होते, हे पण त्यांनीच सांगितलं. एसओपी, म्हणजे हा कोर्स का करायचाय ते सांगणारं पत्र, त्यांनी स्वतः बसून दुरुस्त केलं, बहिणीकडूनच परत परत लिहून घेतलं, कुठूनतरी कॉपी करून दिलं नाही. फोन उचलतात, व्हॉट्सअॅपला उत्तर देतात. हे सगळं मनापासून आवडलं.

आता पैशाचं. पहिल्या मीटिंगला एक छापील कागद देतात, त्यावर फी, व्हिसा, विमानाचं तिकीट आणि खाली टोटल. आमच्या अप्पांनी तो कागद घरी आणला आणि त्याच आकड्यावर कर्ज किती काढायचं ते ठरवायला बसले. आणि त्या कागदावर सगळी प्रायव्हेट कॉलेजंच होती. जर्मनीत बहुतेक सरकारी युनिव्हर्सिट्यांना ट्युशन फी नाही, सेमेस्टरला काहीशे युरो भरायचे असतात, आणि प्रायव्हेटमध्ये वर्षाला दहा-दहा हजार युरोच्या वर जातं. मग कागदावर सरकारी एकही का नाही? मी सरळ विचारलं. मॅडम पण सरळ बोलल्या, प्रायव्हेटवाले आम्हाला कमिशन देतात, सरकारीवाले देत नाहीत, सरकारीसाठी अर्ज करायचे तर आमची वेगळी फी पडेल. त्यांनी लपवलं नाही याचा मान आहेच, पण आम्ही विचारलं म्हणून सांगितलं ना. बोर्डवर फ्री काउन्सेलिंग लिहिलंय, तर ते फ्री कशामुळं आहे हे पहिल्याच बैठकीत आईवडिलांना सांगितलं पाहिजे. इथं गिरणीतून रिटायर झालेले, लूम चालवणारे, शेती करणारे लोक येतात, त्यांना कुठून कळणार हे.

सरकारी म्हणजे सगळं फुकट असं पण नाही बरं का. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरुहं तिकडं, युरोपबाहेरच्या मुलांना सेमेस्टरला १,५०० युरो भरावे लागतात, २०१७ पासून. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीने २०२४ च्या विंटर सेमेस्टरपासून फी लावलीय, मास्टर्सला बहुतेक कोर्सना सेमेस्टरला ४,००० किंवा ६,००० युरो. शहर निवडायच्या आधी हे बघा.

सगळ्यात मोठा आकडा म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट, व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे ज्यात अडकवून ठेवायचे ते खातं. वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून दाखवायचे, युरो १०० रुपयांना धरला तरी ११ लाख ९० हजार होतात. हा पैसा आपलाच असतो, तिथं गेल्यावर महिन्याला ९९२ युरो मिळतात. पण दर महिन्याला तेवढेच, जास्त काढता येत नाहीत!! आणि घरमालक डिपॉझिट मागतो ते कायद्याने तीन महिन्यांच्या भाड्यापर्यंत असू शकतं, ते कायद्याने तीन महिन्यांच्या हप्त्यांत देता येतं, पण पहिला हप्ता घर घेतानाच द्यायचा, शिवाय पहिलं भाडं, गादी, भांडी. म्हणजे ब्लॉक्ड अकाउंट सोडून वेगळे लाख-दोन लाख तरी हातात पाहिजेत. छापील कागदावर याची एक ओळ पण नव्हती, आम्हाला हे तिथं आधीच गेलेल्या बहिणीच्या सीनियर ताईने फोनवर सांगितलं. तिनेच सांगितलं की हेल्थ इन्शुरन्सचे महिन्याला १२० युरोच्या वर जातात आणि प्रत्येक घराला रेडिओ-टीव्हीची महिन्याला १८.३६ युरो फी असते, टीव्ही नसला तरी, रूममेटमध्ये वाटून घेतात.

पार्टटाइममधून सगळं निघतं असं ऑफिसात म्हणाले. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं हे खरंय, पण जर्मन नीट येत नसेल तर पहिल्या सेमेस्टरला काम मिळणं अवघड जातं, त्यावर बजेट मांडू नका.

कर्जाचं तर त्यांनी फक्त "आमचे बँकेत लोक आहेत" एवढंच सांगितलं. सरकारी बँकेत साडेसात लाखाच्या वर कर्ज पाहिजे तर साधारण तारण लागतं, आणि शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत, घर किंवा एनए प्लॉट लागतो. आमच्या घराचा सिटी सर्व्हे उतारा अजून आजोबांच्याच नावावर, वारस नोंद करण्यातच बराच वेळ गेला. वकिलाचा सर्च रिपोर्ट आणि व्हॅल्युएशनची फी आपल्याच खिशातून. एक दिलासा, बँकेच्या एज्युकेशन लोनमधून पैसे बाहेर पाठवले तर १ एप्रिल २०२५ पासून टीसीएस, म्हणजे पाठवतानाच आधी कापून घेतात तो टॅक्स, कापत नाहीत. आणि कर्जाच्या व्याजावर इन्कम टॅक्समध्ये सूट (८०ई म्हणतात ती) आठ वर्षं मिळते, पण जुन्या टॅक्स पद्धतीतच, अप्पांनी नवी घेतली होती म्हणून ते परत बघावं लागलं.

शेवटी आम्ही वेगळी फी देऊन सरकारीचेच अर्ज करून घेतले. युनी-असिस्टला, म्हणजे बऱ्याच जर्मन युनिव्हर्सिट्यांचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेला, पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सेमेस्टरच्या पुढच्या प्रत्येकाला ३०, त्यामुळं दहा ठिकाणी उगाच टाकू नका, ज्याचे विषय आपल्या डिग्रीशी जुळतात तिथंच टाका, हा सल्ला मॅडमचाच आणि तो बरोबर होता.

दोन स्टार का कापले ते कळलंच असेल, पण अजून एक गोष्ट मनाला लागली. आमच्या शेजारच्या काकांचा मुलगा पण तिथंच जातोय, अनुसूचित जातीतला आहे, मार्क चांगले आहेत, आणि राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीबद्दल त्याला तिथं कोणी एक शब्द बोललं नव्हतं. राज्य सरकारची आहे ही, फी, राहण्याचा खर्च, विमानाचं भाडं सगळं त्यात येतं, अर्ज पुण्याच्या समाज कल्याण आयुक्तालयाकडं करायचा असतो, युनिव्हर्सिटी जागतिक क्रमवारीत वरची लागते. काका घर गहाण ठेवायला निघाले होते. तुमच्या ओळखीत कोणी असेल तर कन्सल्टन्सीत जायच्या आधी त्यांना हे सांगा.