किडनीच्या गाठीवर पायरेडिओमिक्स चालवून बघितलं, माझा रिव्ह्यू

बरेच दिवस एकच प्रश्न डोक्यात घोळत होता, किडनीच्या कॅन्सरच्या गाठीत इम्यून पेशी किती घुसल्यात हे सुई न टोचता नुसत्या सीटीवरून कळतं का. शेवटी थ्रीडी स्लायसर (स्कॅन बघायचं, त्यावर खुणा करायचं सॉफ्टवेअर) टाकला, त्यात रेडिओमिक्सचं, म्हणजे स्कॅनच्या चित्रातून आकडे काढायचं, एक्स्टेन्शन घातलं (आत पायरेडिओमिक्सच चालतं) आणि टीसीजीए या कॅन्सरच्या डेटा प्रोजेक्टच्या पब्लिक कलेक्शनमधले क्लिअर सेल कार्सिनोमाचे (किडनीच्या कॅन्सरचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) सीटी डाउनलोड करून बसले. दोन्ही सॉफ्टवेअर फुकट, दोन्ही ओपन सोर्स. दोनेक महिने झाले वापरतेय, तर आता लिहितेच.

स्लायसरचा सेगमेंट एडिटर म्हणजे जीव आहे माझा. 'ग्रो फ्रॉम सीड्स' घ्यायचं, गाठीत दोन रेघा, बाहेर दोन रेघा (याच सीड्स), बाकी तो भरतो. पण फेज, म्हणजे कॉन्ट्रास्टचं औषध टोचल्यावर किती वेळाने स्कॅन काढलाय ते, बघून करा हं. क्लिअर सेलमध्ये व्हीएचएल जीन बिघडलेला असतो, त्यामुळे व्हीईजीएफ (रक्तवाहिन्या वाढवणारं प्रोटीन) वाढतं, रक्तवाहिन्यांचं जाळं माजतं आणि कॉन्ट्रास्टच्या सुरुवातीच्या फेजमध्ये गाठ लखलखते, आणि नेमकं तेव्हाच शेजारचं कॉर्टेक्सपण (किडनीचा बाहेरचा थर) लखलखत असतं, म्हणजे सीड्स सरळ निरोगी किडनीत घुसतात. त्यानंतरच्या नेफ्रोग्राफिक फेजमध्ये कडा बरीच सुटी दिसते, मी नंतर तीच घेतली.

मग बटण दाबलं की डिफॉल्टवर १०७ आकडे बाहेर पडतात. आकार, ग्रे लेव्हल्स, टेक्स्चर, सगळं. पहिल्यांदा बघून फार भारी वाटलं, खरंच. पण हे आकडे पेशींचे नाहीत. सीटीच्या एका व्हॉक्सेलमध्ये (थ्रीडी ठिपक्यामध्ये) लाखो पेशी मावतात आणि सॉफ्टवेअर मोजतंय फक्त करड्या ठिपक्यांची मांडणी. त्यातून इम्यून पेशींकडे जायचं म्हणजे आरएनए सिक्वेन्सिंगचा डेटा (गाठीच्या तुकड्यात कोणते जीन किती चालू आहेत ते) शेजारी ठेवून दोघांचं नातं शोधणारं मॉडेल बनवायचं. हे काम लोकांनी केलंय, २०१८ मध्ये सीडी८ पेशींसाठी (कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या इम्यून पेशी) असं सिग्नेचर, म्हणजे आकड्यांचं सूत्र, आलं होतं, वेगवेगळ्या कॅन्सरच्या पेशंट्सवर, त्यात ८ व्हेरिएबल्स होते आणि बाहेरच्या डेटावर एयूसी (अंदाज किती बरोबर वेगळं करतो त्याचं माप, १ म्हणजे अचूक) ०.६७ आला. नाणं उडवलं तर ०.५ येतो, तेव्हा ०.६७ म्हणजे काहीतरी आहे पण पैज लावण्याइतकं नाही. आणि गंमत म्हणजे त्या ८ पैकी एक व्हेरिएबल स्कॅनरचा केव्हीपी होता! म्हणजे एक्स-रे ट्यूबचा व्होल्टेज, मशीनची सेटिंग.

आता किडनीचा खरा घोळ. बऱ्याच कॅन्सरमध्ये सीडी८ पेशी जास्त म्हणजे चांगली खूण मानतात. क्लिअर सेलमध्ये उलटं दिसतं, जास्त सीडी८ असलेल्या गाठींचं पुढचं भविष्य सहसा वाईटच असतं, त्या पेशी येतात पण थकून बसलेल्या असतात. २०२० मध्ये नेचर मेडिसिनमध्ये आलेल्या कामातपण नुसत्या सीडी८ च्या संख्येवरून पीडी-१ औषधाला (इम्यून पेशींचा ब्रेक काढणारी इम्युनोथेरपी) रिस्पॉन्स येईल का हे सांगता आलं नाही. मग विचार करा, समजा माझं मॉडेल अगदी बरोबर निघालं, सीडी८ भरपूर आहे असं त्यानं सांगितलं, तरी त्याचं करायचं काय? मी या प्रश्नावर दोन दिवस अडकले आणि कोड तसाच पडून राहिला.

आणि माझी स्वतःची चूक सांगते, हसू नका. डिफॉल्टला रिसॅम्पलिंग (सगळ्या स्कॅनचे व्हॉक्सेल एकाच मापाचे करणं) बंद असतं, बिन विड्थ (करड्या छटांचे गट किती रुंद करायचे ते) २५ असते, आणि मी डॉक्युमेंटेशन न वाचता सगळे स्कॅन एकत्र टाकले, पातळ स्लाइस, जाड स्लाइस, दोन्ही फेज, सगळी खिचडी. मॉडेल काय झकास आलं! नंतर बघते तर ते गाठ ओळखतच नव्हतं, स्लाइस किती जाड आहे ते ओळखत होतं. सगळं परत केलं. शिवाय एकाच गाठीची बाउंड्री मी सकाळी आणि रात्री काढली तर शेप आणि मीन जवळपास तेच राहिले पण टेक्स्चरचे कितीतरी आकडे हलले, म्हणजे तुमचा हात किती स्थिर आहे तेपण यात मोजलं जातं. प्रत्येक गाठ दोनदा काढा आणि जे आकडे टिकत नाहीत ते सरळ फेकून द्या.

स्टार द्यायचेच तर शिकायला, रिसर्चला ५ पैकी ४. पेशंटच्या ट्रीटमेंटचा निर्णय यावरून घ्यायला शून्य, आणि स्लायसरवाले स्वतःच सांगतात की हे क्लिनिकल वापरासाठी मंजूर नाही. कोणी रिपोर्टसोबत रेडिओमिक्सचा 'इम्यून स्कोर' देत असेल तर फेज कोणती, रिसॅम्पलिंग किती आणि बाहेरच्या डेटावर तपासलाय का, एवढं तरी विचारा. पेशींना थेट खूण लावणारे पीईटी स्कॅनचे ट्रेसर (टोचायची किरणोत्सारी द्रव्यं), झिर्कोनियम-८९ चे वगैरे, ते वेगळंच प्रकरण, त्याची तुलना याच्याशी करू नका.

सध्या मी स्लायसरचं 'मार्जिन' टूल वापरून गाठीभोवती तीनेक मिलिमीटरची रिंग काढून बघतेय, कारण बऱ्याच इम्यून पेशी कडेलाच गोळा होतात म्हणे. पण किडनीत त्या रिंगची एक बाजू चकचकीत कॉर्टेक्सवर पडते आणि दुसरी काळ्या फॅटवर, त्यामुळे आत्ता तरी सगळे आकडे फक्त तेच सांगताहेत, एकीकडे कॉर्टेक्स, एकीकडे फॅट.